भंगारातून रेकॉर्ड धुण्याचं मशिन: एका संग्रहाचं प्रकरण

मामांचा रेकॉर्डचा संग्रह बरीच वर्षं एका बंद, दमट खोलीत पडून होता. बहुतेक एल.पी. (बारा इंची मोठ्या तबकड्या), थोड्या सात इंची ई.पी. आणि तळाला लाखेच्या ७८ गतीच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या काही जुन्या तबकड्या. खोकी उघडली तेव्हा आतल्या कागदी पाकिटांवर बुरशीचे करडे ठिपके दिसले, आणि तेच ठिपके तबकड्यांवरही उतरलेले होते. वाजवून पाहिलं तर गाण्याच्या आधी खरखर ऐकू यायची आणि दोन-तीन मिनिटांत सुईच्या टोकाला राखाडी बोळा जमायचा. तबकड्या धुवायला हव्यात हे उघड होतं. मामांची शंका वेगळी होती. ते म्हणाले, “धुवून बिघडली तर? आत्ता निदान वाजतेय तरी.”

ही शंका रास्त होती. रेकॉर्ड धुवून बिघडतात, आणि त्या कशामुळे बिघडतात याचं उत्तर मिळेपर्यंत भंगारातून बनवायच्या धुण्याच्या मशिनचा एकही स्क्रू पिळायचा नाही असं ठरवलं. पुढचं सगळं मशिन त्या उत्तरावरच उभं आहे.

एकच गाणं, तीन वेळा

एक साधारण अवस्थेतली, फारशी ओरखडलेली नसलेली एल.पी. निवडली. तिच्यावरचं एक गाणं आहे त्या स्थितीत वाजवून संगणकावर ध्वनिमुद्रित केलं. मग तबकडी हाताने धुतली: डिस्टिल्ड वॉटर, फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी गोळा न होता पसरवणाऱ्या पदार्थाचे) दोन-चार थेंब, आणि मऊ, बारीक धाग्यांचा पॅड. मऊ कापडाने टिपून ती उभी ठेवून वाळवली आणि तेच गाणं पुन्हा मुद्रित केलं. शेवटी त्याच पाण्याने, त्याच पॅडने पुन्हा धुतली, पण या वेळी वाळू दिली नाही. व्हॅक्युम क्लीनरच्या नळीला बसवलेल्या कच्च्या तोंडाने ओलावा खेचून घेतला आणि तिसरं मुद्रण केलं.

तिन्ही मुद्रणं शेजारी लावली की फरक कानाला कळतो आणि आलेखावर डोळ्यांनाही दिसतो. हाताने धुतल्यावर मोठे टक्-टक् आवाज कमी झाले होते, पण गाण्याच्या मागे पूर्वी नसलेली एक बारीक, सलग चरचर आली होती. तिसऱ्या मुद्रणात ती चरचर नव्हती. तिसऱ्या वेळी तबकडी दुसऱ्यांदा धुतली गेली होती, तेव्हा श्रेय दुसऱ्या धुण्याचं असू शकलं असतं. म्हणून आणखी एका तबकडीवर क्रम बदलून पाहिला: हाताने दोनदा धुऊन दोन्ही वेळा वाळवली. चरचर राहिली. पाणी तेच, पॅड तोच, हात तोच. बदललं होतं ते फक्त घाण पाणी बाहेर काढण्याचं काम.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. १९४८ साली कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने एल.पी. आणली ती व्हिनाइलची आणि बारीक खाचांची. तिची खाच वरच्या तोंडाशी ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास रुंद असते आणि खाली निमुळती होत जाते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. म्हणजे बहुतेक ब्रशचे केस खाचेच्या तळापर्यंत पोचतच नाहीत, कापड तर नाहीच नाही. तळापर्यंत पोचतं ते पाणी. ब्रश ते हलवतो, पाणी घाण सोडवून स्वतःत घेतं आणि मग खाचेतच बसून राहतं. तिथे ते वाळलं की आधी मोकळी असलेली धूळ दोन्ही भिंतींना सारवल्यासारखी चिकटते. स्टिरिओ तबकडीत या दोन भिंतींवर दोन वेगळे चॅनल कोरलेले असतात, आतल्या भिंतीवर डावा आणि बाहेरच्या भिंतीवर उजवा. त्यामुळे तो थर सुईला प्रत्येक फेऱ्यात, दोन्ही कानांना ऐकू येतो.

मामांना हे तिन्ही तुकडे ऐकवले. त्यांनी दुसरा तुकडा पुन्हा लावायला सांगितला आणि मग म्हणाले, “म्हणजे घासण्याचं मशिन नकोय, खेचण्याचं हवंय.” इथून पुढे प्रत्येक भाग निवडताना हीच कसोटी लावली: घाण पाणी खाचेतून लवकर आणि पूर्ण बाहेर काढायला याचा उपयोग आहे का?

खेचायचं कसं

विकत मिळणाऱ्या खेचणाऱ्या मशिनांचे मुख्य दोन प्रकार आहेत. एकात बारीक टोकाची नळी आणि तिच्या तोंडाशी सरकणारा दोरा असतो. ती खाच-खाच करत तबकडीभर हळू सरकते. कीथ मंक्सची मशिनं, जी १९६९ पासून रेडिओ केंद्रांत आणि ग्रंथालयांत गेली, या प्रकारची. काम अप्रतिम होतं, पण नळी एकसारख्या गतीने सरकवणारा हात आणि छोटा व्हॅक्युम पंप दोन्ही नेमके लागतात. दुसऱ्या प्रकारात लेबलपासून काठापर्यंत लांब फट असलेली एक नळी असते. फटीच्या दोन्ही ओठांना मखमल लावलेली असते आणि खालून तबकडी फिरते. याला हवा भरपूर लागते आणि अचूकपणा कमी. भंगारातला व्हॅक्युम क्लीनर भरपूर हवा देतो, म्हणून दुसरा प्रकार घेतला.

एल.पी.वरचा खाचांचा भाग मध्यापासून साधारण ६० मि.मी.वर संपतो आणि १४६ मि.मी.वर सुरू होतो. म्हणून खेचायच्या तोंडासाठी पी.व्ही.सी.च्या नळीला ८८ मि.मी. लांबीची फट पाडली. रुंदी लेबलकडे दीड मि.मी. आणि काठाकडे अडीच मि.मी. ठेवली. हा उतार मुद्दाम आहे. तबकडीचा बाहेरचा काठ आतल्या खाचांच्या दुपटीहून जास्त वेगाने फटीखालून जातो, त्यामुळे तिथल्या पाण्याला खेचलं जायला कमी वेळ मिळतो. सरळ फटीने पाहिलं तेव्हा आतला भाग कोरडा आणि काठाशी ओलसर पट्टा, असंच दिसत होतं. कानशीने फट बाहेरच्या बाजूला उघडत नेली तसा पट्टा नाहीसा झाला.

मखमल कपड्यांवरची धूळ काढायच्या जुन्या ब्रशवरून घेतली. तिची लव एका दिशेला झुकलेली असते. ती तबकडीच्या फिरण्याच्या दिशेने लावायची, उलट लावली तर तोंड थरथरतं आणि पाण्याच्या बारीक रेघा मागे राहतात. दोन पट्ट्यांची जाडी समान हवी. एक पट्टी किंचित उंच असली की दुसऱ्या बाजूने हवा फुकट आत येते आणि पाणी जागच्या जागी राहतं. काच सपाट ठेवून तिच्यावर तोंड टेकवायचं आणि मागून टॉर्च लावायचा. कुठून उजेड येतो ते लगेच दिसतं.

नळीवरचं एक भोक

या मशिनमधला सगळ्यात स्वस्त भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

घरगुती कोरड्या क्लीनरची मोटर बहुतेक वेळा अशी असते की खेचलेली हवाच तिच्या गुंडाळ्यांवरून जाते आणि तिला थंड ठेवते. ओल्या-कोरड्या क्लीनरमध्ये थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते. आमच्या हाती लागला तो पहिल्या जातीचा. त्यातून दोन धोके उभे राहतात. पाणी आत गेलं तर ते थेट विजेच्या गुंडाळ्यांवर जाणार. आणि हवा अडली तर मोटर तापणार. आमच्या फटीचं क्षेत्रफळ १७६ चौ.मि.मी., तर क्लीनरच्या ३२ मि.मी. नळीचं तोंड ८०० चौ.मि.मी.च्या आसपास. म्हणजे मोटरला तिच्या सवयीच्या हवेचा पाव हिस्साही मिळत नव्हता.

पाण्यासाठी मध्ये एक सापळा हवा. पातळ प्लास्टिकची बरणी इथे चालत नाही. २० किलोपास्कलची ओढ असली तर १० बाय २० सें.मी.च्या भिंतीवर बाहेरून ४० किलोंइतका दाब येतो, बरणी आत चेपते. काच फुटली तर तुकडे आत खेचले जातात. म्हणून सांडपाण्याच्या ११० मि.मी. पी.व्ही.सी. पाइपचा तुकडा घेतला आणि दोन्ही टोकांना टोपणं बसवली. पाण्याची नळी बाजूने, भिंतीला स्पर्शून आत येते, त्यामुळे पाणी भिंतीवर गोल फिरून खाली उतरतं. हवा वरच्या टोपणातून निघते. बाजूला पारदर्शक नळी उभी लावली की पातळी दिसत राहते. तबकडीच्या एका बाजूला पाच ते दहा मि.ली.च पाणी लागतं, त्यामुळे लिटरभराचा सापळा शंभर बाजूंना पुरतो. तरी तो अर्ध्यावर आला की रिकामा करायचा.

आणि हवेसाठी भोक. सापळ्याच्या पुढे, मोटरच्या बाजूच्या नळीला १२ मि.मी.चं भोक पाडलं आणि त्यावर फिरवता येईल अशी नळीचीच एक बाही चढवली. बाही फिरवली की भोक कमी-जास्त उघडतं. या भोकातून मोटरला थंड, कोरडी हवा मिळते. त्याच भोकाने तोंडाची ओढ आटोक्यात येते, नाहीतर ते तबकडीला इतकं घट्ट बसतं की तबकडी अडते. तिसरा उपयोग धुऊन झाल्यावरचा. आधी क्लीनर बंद केला तर नळीत अडकलेले थेंब स्वच्छ तबकडीवर परत पडतात. त्याऐवजी बाही पूर्ण उघडायची, ओढ सुटते, तोंड स्प्रिंगने वर उचललं जातं, आणि मगच बटण बंद करायचं. ही स्प्रिंग जुन्या टेबललॅम्पच्या हाताची आहे. ती तोंडाला एरवी तबकडीच्या दोन मि.मी. वर धरून ठेवते आणि ओढ सुरू झाली की ते आपोआप खाली बसतं.

अल्कोहोलबद्दल ठाम मत

रेकॉर्ड धुण्याच्या बहुतेक कृतींमध्ये १० ते २५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. ते तेलकट बोटांचे ठसे काढतं आणि लवकर उडतं, हे खरं. तरी या मशिनमध्ये ते घालायचं नाही असं ठरवलं. क्लीनरच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात आणि ते चालताना ठिणग्या टाकतात. अल्कोहोलची वाफ हवेत २ टक्क्यांवर गेली की ती पेट घेऊ शकते. थोड्या पाण्यात ती मर्यादा गाठली जाणार नाही असा हिशोब मांडता येतो, पण सापळ्यात साठत जाणारं पाणी, बंद राहिलेली नळी आणि पुन्हा सुरू केलेली मोटर हे सगळं हिशोबात बसत नाही. ज्यांची मोटर याच जातीची आहे त्यांनी हा मोह टाळावा.

अल्कोहोलचं मुख्य काम वेटिंग एजंट करतो. नुसतं पाणी व्हिनाइलवर गोळे होऊन बसतं, कारण त्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलीन्यूटनच्या आसपास असतो. चार थेंबांनी तो निम्म्यावर येतो आणि पाणी पसरून खाचेत उतरतं. मात्र हा पदार्थही मागे राहता कामा नये, म्हणून दुसरं पाणी नुसतं डिस्टिल्ड वापरायचं आणि तेही खेचून घ्यायचं. नळाचं पाणी कुठल्याच टप्प्यावर नाही. त्यातले क्षार खाचेतच वाळतात.

लाखेच्या ७८च्या तबकड्यांना तर अल्कोहोलचा स्पर्शही नको. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

फिरवणारी बाजू

खेचायची बाजू ठरल्यावर फिरवायची बाजू सोपी झाली, कारण किती जोर लागेल हे आता माहीत होतं. १५ किलोपास्कलची ओढ आणि ओठांसकट १० मि.मी. रुंदीचं तोंड धरलं तर ते तबकडीवर जास्तीत जास्त १.३ किलोंइतकं दाबलं जातं, आणि तेही मध्यापासून सरासरी १० सें.मी.वर. मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी फिरवणारी छोटी मोटर इथे टिकत नाही. ती मिनिटाला पाच-सहाच फेरे घेते, आणि अडली तर थांबण्याऐवजी उलट दिशेने फिरू लागते.

गाडीच्या वायपरची मोटर मात्र याच कामासाठी बनवल्यासारखी आहे. बारा व्होल्ट, गती कमी करून जोर वाढवणारा वर्म गिअर, भरपूर जोर. कमी गतीवर ती मिनिटाला सुमारे ४५ फेरे देते. तिच्या दांड्यावर ७० मि.मी.ची कप्पी लावली. प्लॅटर, म्हणजे तबकडी ठेवायची फिरती थाळी, एका मृत टर्नटेबलचा घेतला, त्याची मूळ बेअरिंग आणि मधली खुंटी तशीच ठेवून. त्याच्याखाली कडेला खाच पाडलेली १७० मि.मी.ची प्लायवुडची चकती जोडली. दोघांमध्ये शिलाई मशिनचा चामडी पट्टा, लांबीला कापून क्लिपने सांधलेला. प्लॅटर मिनिटाला १८-१९ फेरे घेतो. तोंड कधी अडलंच तर पट्टा घसरतो, तबकडी वाचते.

वीज जुन्या संगणकाच्या एस.एम.पी.एस.मधून, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या पेटीतून घेतली. हिरवी तार काळीला जोडली की तो सुरू होतो, पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट. त्याची पेटी उघडायची गरज नाही आणि उघडूही नये, आतले कपॅसिटर बंद केल्यावरही भारित राहतात. दिशा उलटवायला गाडीच्या काचा वर-खाली करायचं बटण लावलं. घासताना दोन्ही दिशांना फिरवलं की धाग्यांची टोकं खाचेच्या दोन्ही अंगांना लागतात. खेचताना मात्र एकच दिशा. एक गोष्ट इथे जपायची: बऱ्याच वायपर मोटरींची बॉडी हीच ऋण बाजू असते, आणि उलट फिरवताना ती धन होते. एस.एम.पी.एस.ची पेटी अर्थला जोडलेली असते. म्हणून मोटर लाकडावर बसवली आणि तिचा धातू दुसऱ्या कुठल्याही धातूला लागू दिला नाही. क्लीनर स्वतंत्र बटणावर आणि अर्थ लीकेज ब्रेकरच्या (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या बटणाच्या) मागे. शिलाई मशिनचं पॅडल क्लीनरला लावायचा विचार कुणी करू नये, ते तेवढ्या वॉटसाठी बनवलेलंच नसतं.

लेबल कोरडं ठेवणारा शिकंजा बनवताना हार्ड डिस्क कामी आली. साडेतीन इंची डिस्कची आतली चकती ९५ मि.मी. व्यासाची असते आणि एल.पी.चं लेबल १०० मि.मी.चं. अशा दोन ॲल्युमिनियमच्या चकत्या आणि त्यांच्याखाली ट्यूबमधून कापलेलं १०४ मि.मी.चं रबर. रबराचा काठ लेबल झाकतो आणि शेवटच्या खाचेच्या आत संपतो. मधल्या २५ मि.मी.च्या भोकात नायलॉनची बुश, वर फिरवायची मूठ. लॅपटॉपच्या डिस्कमधली चकती बहुधा काचेची असते, ती घेऊ नये.

चालवताना काय दिसलं

बुरशी लागलेल्या तबकड्यांचं पहिलं पाणी सापळ्यात उतरलं तेव्हा ते करडं आणि गढूळ होतं, तळाला कापसासारखे तंतू. या तबकड्या हाताळताना मास्क लावला आणि आतली कागदी पाकिटं सगळी फेकून दिली. धुतलेली तबकडी जुन्या पाकिटात परत घालणं म्हणजे बुरशीचं बी परत पेरणं.

पहिली बाजू धुऊन तबकडी उलटली की स्वच्छ बाजू प्लॅटरवर जाते, आणि तिथे थोड्या वेळापूर्वी घाण बाजू टेकलेली असते. म्हणून दोन मॅट: एक मळक्या बाजूसाठी, एक धुतलेल्यासाठी. तसंच खेचायची तोंडंही दोन, एक धुण्याच्या पाण्याचं, एक खळबळण्याच्या पाण्याचं. खेचायचं दोन फेरेच, म्हणजे सहा-सात सेकंद. त्याहून जास्त वेळ कोरडी मखमल घासत राहिली तर व्हिनाइलवर स्थिर वीज साचते आणि हवेतली धूळ नव्याने येऊन बसते. आवाज मोठा असतो, तेव्हा कानाला बोळे हवेतच. क्लीनर फोमच्या पेटीत बंद करून आवाज कमी करायला गेलात तर त्याची हवा अडेल. लांब नळीने तो शेजारच्या खोलीत ठेवणं हा जास्त चांगला मार्ग.

निकालाबद्दल स्पष्ट लिहायला हवं. धूळ, बोटांचे ठसे आणि वरवरची बुरशी असलेल्या तबकड्या शांत झाल्या. दोन गाण्यांमधली जागा आता खरोखर रिकामी ऐकू येते, आणि सुईवर बोळा जमत नाही. ओरखड्यांचे ठोके होते तिथेच आहेत, ते धुऊन जात नाहीत. काही तबकड्यांवर बुरशी इतका काळ बसली होती की ती निघाल्यावरही तिच्या जागी मंद सळसळ उरली. त्या दुसऱ्यांदा धुतल्या, फरक पडला नाही, तिथे थांबलो. खराब सुईने झिजलेल्या खाचांनाही पाण्याचा इलाज नाही.

लाखेच्या तबकड्या शेवटी घेतल्या. त्यांची खाच एल.पी.च्या जवळपास तिप्पट रुंद, त्यामुळे घाण लवकर निघते. पण तबकडी दहा इंची, म्हणजे आमची फट काठाबाहेर जाते आणि सगळी हवा तिथूनच आत येते. फटीचा बाहेरचा भाग चिकटपट्टीने झाकला की काम होतं. तडा गेलेली तबकडी मशिनवर घातली नाही. काहींच्या आत कागदाचा थर असतो, तड्यातून पाणी गेलं की तो फुगतो. त्या मामांनी बाजूला काढून ठेवल्या आहेत. ई.पी.साठी लहान फटीचं वेगळं तोंड लागणार, त्याची नळी कापून झाली आहे आणि मखमल लावायची बाकी आहे.